सौंसरचा कायदा, पांढुर्ण्याचा कायदा : पटावरचे खेळ आणि खेळणाऱ्यांचे मेळावे

१९२० च्या दशकात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे हेमचंद्र दासगुप्ता यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात काही छोटे, टिपणवजा लेख लिहिले. विषय दगडांचा नव्हता. जमिनीवर रेघा ओढून, खडे मांडून, बसल्या जागी खेळायचे खेळ हा विषय होता. त्यातला एक लेख मध्य प्रांतातल्या खेळांवर आहे. मध्य प्रांत हा आपलाच त्या काळचा पत्ता. छिंदवाडा जिल्हा त्यात होता आणि छिंदवाड्यात आपली सौंसर-पांढुर्णा पट्टी. आपल्या मंडळात आजवर वाचल्या गेलेल्या निबंधांत किल्ले आले, मालगुजारी आली, देवगडचे गोंड राजे आले. खडे आणि रेघा कोणी आणल्या नव्हत्या, म्हणून हा प्रयत्न.

दासगुप्तांनी नोंदवलेल्या खेळांत ‘दश-गुटी’ आणि ‘एगारा-गुटी’ अशी दोन नावं आहेत. पुढे एच. जे. आर. मरे या इंग्रज अभ्यासकाने १९५२ साली बुद्धिबळ सोडून बाकीच्या पटखेळांचा मोठा ग्रंथ काढला. त्यानंतर जगभरच्या याद्यांत ही नावं ‘मध्य प्रांत, भारत’ अशा पत्त्यानिशी फिरत राहिली. आता गंमत बघा. एगारा म्हणजे अकरा, आणि हा शब्द बंगाली आहे. सौंसरच्या बाजारात अकराला एगारा म्हणून पाहा, दुकानदार तोंडाकडे बघत राहील. खेळ इकडचा, नाव लिहून घेणाऱ्याच्या भाषेतलं, असा माझा तर्क आहे. तरी मी दासगुप्तांना दोष देणार नाही. दगड बघायची नजर असलेल्या माणसाने वेळ काढून पोरांच्या खेळातल्या रेघा टिपल्या, एवढं त्या काळी आपल्यातल्या किती शिकलेल्या लोकांनी केलं?

माझी नोकरी यंत्रांची. इतिहास मागून आला आणि पटखेळ त्याच्याही मागून. गेली काही वर्षं मी एक छंद म्हणून पटावरच्या खेळांच्या मेळाव्यांना जातो. पुणे, मुंबई, बंगळूर, जिथे जमेल तिथे. ज्यांनी असा मेळावा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोठा हॉल असतो, त्यात ओळीने टेबलं. एका बाजूला पेट्यांची भिंत, म्हणजे खेळांचं वाचनालयच. ओळखपत्र ठेवायचं, एक पेटी उचलायची, रिकामं टेबल धरायचं. खेळायला माणसं कमी असतील तर टेबलावर एक झेंडी उभी करायची. ती पाहून अनोळखी माणूस येतो, खुर्ची ओढतो आणि म्हणतो, ‘मला शिकवाल?’ पुढचे दोन तास ते चौघं एकमेकांचं आडनावही न विचारता खेळतात. बहुतेक जण पंचविशी-तिशीतले. माझ्यासारखा पांढऱ्या केसांचा दिसला की पहिल्यांदा त्यांना वाटतं, पोराला न्यायला आलेले काका असतील.

अशा मेळाव्याला इंग्रजीत कन्व्हेन्शन म्हणतात आणि त्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्सच्या घरी १९६७ साली युद्धखेळांचे काही शौकीन जमले. घर पुरेना म्हणून १९६८ मध्ये गावातला हॉर्टिकल्चरल हॉल भाड्याने घेतला. तोच पहिला ‘जेन कॉन’. गावाचं नाव जिनिव्हा, त्यामुळे जिनिव्हा कन्व्हेन्शन या युद्धाच्या करारावर केलेली ती कोटी. याच गायगॅक्सने पुढे १९७४ मध्ये डेव्ह आर्नेसनबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. जर्मनीत एसेन शहरातला ‘श्पील’ हा मेळा १९८३ चा. आज तिथे चार दिवसांत दोन लाखांच्या घरात लोक येतात. आपल्याकडचे मेळावे या मानाने कालचे पोर.

या मेळाव्यांच्या जन्माची कथा सगळे सांगतात ती हौसेची. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. युद्धखेळ खेळणारा शौकीन गावात एकटा असायचा. पत्राने दुसऱ्या गावच्या शौकिनाशी खेळायचा, किंवा घरच्या चार मित्रांशी. सैनिक किती चालला, तोफ कुठवर पोचली, याचे नियम प्रत्येक कंपूचे वेगळे. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं नियमांचं पुस्तक काढलं खरं, पण त्यावरही प्रत्येकाची आपापली डागडुजी. अशी माणसं एका हॉलात आली की पहिला प्रश्न उभा राहतो : खेळायचं कोणाच्या नियमाने? मेळाव्याला जागा लागते, टेबलं लागतात, चहा लागतो. त्या सगळ्याच्या आधी हा निवाडा लागतो.

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो माझ्या घरात होता.

माझं आजोळ सौंसर तालुक्यातलं, सासुरवाडी पांढुर्ण्याकडची. दोन्ही घरी अष्टाचंगा खेळत. पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस घरांचा पट, खडूने किंवा कोळशाने फरशीवर काढलेला. चार बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यावर फुली. त्या फुलीवरच्या गोटीला कोणी मारत नाही. दान टाकायला चार कवड्या, नाहीतर चार चिंचोके दगडावर घासून अर्धे पांढरे केलेले. चारही उताणे पडले तर चंग, चार. चारही पालथे पडले तर अष्टा, आठ. बाहेरच्या रांगेतून एका दिशेने फिरायचं, मग आतल्या रांगेत शिरायचं, तिथून उलट दिशेने फिरून मधल्या घरात बसायचं. चारही गोट्या ज्याच्या आधी बसल्या तो सुटला. इथपर्यंत दोन्ही घरांचं एकमत.

पुढे फाटे फुटतात. आजोळी कायदा असा, की समोरच्याची एक तरी गोटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरता येत नाही. याला ‘तोड’ म्हणतात. तोड नाही तर बाहेरच गरगर फिरत बसा. सासरी तोड नव्हती, ज्याला वाट मिळाली त्याने आत जावं. आजोळी चंग किंवा अष्टा पडला की पुन्हा दान, पण सलग तिसऱ्यांदा पडला तर तिन्ही जळाले. सासरी काही जळत नसे, जितके पडले तितके तुमचे. आजोळी एका घरात एकाच रंगाच्या दोन गोट्या बसल्या की ती ‘जोड’, तिला एकटी गोटी मारू शकत नाही. सासरी जोडीलाही मारत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तोडीचा विषय काढला तेव्हा माझे सासरे म्हणाले होते, ‘जवाईबुवा, तुमच्या गावचा कायदा तुमच्या गावाले. इथं आमचा चालते.’ आणि आजोळच्या मावशीला सासरचा प्रकार सांगितला तर ती म्हणे, ‘तोड नाही त मंग तो खेळ कायचा? ते त नुसतं हिंडणं झालं.’

हे दोन घरांचे कायदे आहेत. सबंध सौंसरचा एक आणि सबंध पांढुर्ण्याचा एक असं मी म्हणणार नाही, शीर्षकात सोयीसाठी तसं लिहिलं आहे. पण दोन गावांमध्ये एवढा फरक पडावा याचं मला इंजिनिअर म्हणून नवल वाटत नाही. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर, रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. सौंसर नागपूर-छिंदवाडा या छोट्या गाडीच्या मार्गावर, अंतर ७६२ मिलिमीटर. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चढत नाही. छोट्या गाडीचा माल मोठ्या गाडीत टाकायचा तर उतरवून पुन्हा चढवणं आलं. २०१५ च्या अखेरीस छोटी गाडी बंद झाली, तिथे ब्रॉडगेज पडला. गाडी वेगात जाते, माल थेट जातो, कोणाची तक्रार नाही. रुळांचं एकीकरण झालं की जुना रूळ भंगारात जातो, हेही तितकंच खरं. खेळाच्या नियमांचं असंच होतं आणि त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मराठी मुलखातच घडलं आहे. ते म्हणजे बुद्धिबळ.

आपल्या आजोबांच्या पिढीचं बुद्धिबळ आजच्यासारखं नव्हतं. प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जात नसे, एकच घर. आजच्या किल्लेकोटाच्या जागी राजाला पूर्ण डावात एकदा घोड्याची उडी मारायची सवलत असे, तीही शह लागलेला नसेल तर. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीरच होईल असं नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं ते मोहरं होई. समोरच्याची सगळी फौज मारून राजा एकटा उरला तर त्याला पूर्ण जीत न मानता अर्धी मानत. प्याद्याने केलेली मात सगळ्यात मानाची, आणि खाणाऱ्याला सगळ्यात झोंबणारी. काही ठिकाणी सुरुवातीला दोघांनी ठरावीक चाली एकदमच करून घ्यायच्या, मग खरा डाव. आणि हे सगळं ‘काही ठिकाणी’च. पुण्याचं एक, नागपूरचं एक, हैदराबादचं आणखी तिसरं. मरे यांनी १९१३ च्या बुद्धिबळाच्या इतिहासात हिंदुस्थानातले वेगवेगळे प्रकार मांडले आहेत, ते वाचताना आपल्याच ओट्यावरची भांडणं ऐकू येतात.

युरोपीय पद्धतीशी गाठ पडली ती मात्र फार आधी. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळाच्या डावांवरचं संस्कृत पुस्तक इंग्रजीत येऊन मुंबईत १८१४ साली छापलं गेलं. मुखपृष्ठावरच लिहिलं होतं, की हे युरोपीय खेळण्याच्या पद्धतीला जुळवून घेतलं आहे. म्हणजे पेशवाई अजून उभी होती तेव्हा मुंबईत एक शास्त्रीबुवा रूळ बदलायच्या कामाला लागले होते. ओट्यांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. तिथे आणखी शंभर-सव्वाशे वर्षं आपापले कायदे चालले.

दोन पद्धतींतला फरक किती खोल होता ते मीर सुलतान खान यांच्यावरून कळतं. पंजाबचा हा माणूस देशी बुद्धिबळावर वाढला, युरोपीय नियम मागाहून शिकला. १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला, पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्येही. त्यांचा सुरुवातीचा खेळ कच्चा म्हणत, शेवटचा पोलादी. मला त्यात कोडं वाटत नाही. ज्याचं प्यादं आयुष्यभर एकच घर चाललं, त्याला डाव सावकाश बांधायची सवय असणार. दोन घरांच्या उडीने पहिल्या दहा चालींत जी धावपळ होते, तिची नसणार.

१९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये आंध्रातल्या एलुरू इथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांच्यात विभागलं गेलं. नियम आंतरराष्ट्रीय. १९६१ मध्ये मॅन्युएल आरोन भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. इथून पुढचा रस्ता सरळ आहे आणि तो आपल्या दारापर्यंत येतो. पांढुर्ण्याहून गाडीत बसलं तर दोन तासांच्या आत नागपूर, आणि त्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली, तिथल्या तिथे ग्रँडमास्टर झाली. राजाची घोडेउडी, घराप्रमाणे बढती, अर्धी जीत हे सगळं आपण धरून बसलो असतो तर हे झालं नसतं. मी जुन्याचा कैवारी आहे, आंधळा नाही.

पण या सरळ रस्त्यावर एक थांबा आहे, तिथे मला जरा जास्त वेळ उतरायचं आहे. सांगली.

भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं. महासंघ निघायच्या दहा वर्षं आधी. पुढे त्या मंडळाच्या स्पर्धा उन्हाळ्याच्या सुट्टीत दरवर्षी होत राहिल्या आणि सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणू लागले. हा शब्द वापरणाऱ्यांना बहुधा फक्त मोठेपणा सांगायचा असतो. मला तो अगदी नेमका वाटतो. पंढरीला माणूस वर्षातून एकदा जातो, ठरल्या तिथीला जातो, आणि तिथे त्याला दरवर्षी तीच माणसं भेटतात. जेन कॉनचं जे वर्णन अमेरिकन लोक कौतुकाने करतात ते याहून वेगळं काय आहे? सांगलीच्या मेळ्यात पेट्यांची भिंत नव्हती, खेळ एकच होता. पण देशभरातून येणारे अनोळखी खेळाडू, वर्षाची ठरलेली वारी, हॉलच्या आत शांतता आणि हॉलच्या बाहेर पायऱ्यांवर हरलेला डाव पुन्हा मांडून चाललेला वाद, हे सगळं होतं.

बुद्धिबळाच्या कुठल्याही स्पर्धेत या बाहेरच्या वादाची मला जास्त ओढ. आत गुण मिळतात. बाहेर माणसं मिळतात. ‘इथं उंट घेतला असता तर?’ असं म्हणत हरलेला जिंकलेल्याला धरून ठेवतो, तिसरा येऊन दोघांनाही खोडून काढतो, चौथा चहा आणतो. शहरातल्या नव्या मेळाव्यांत खेळ संपल्यावर पोरं अशीच बोलत बसतात. त्यांना सांगली माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

पडसलगीकरांचं आणखी एक काम लोक विसरतात. मुलींना त्यांनी पटासमोर बसवलं. भाग्यश्री साठे, स्वाती घाटे या सांगलीच्या. आज हे साधं वाटतं, पण काळ बघा. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची सुरुवातीची वर्षं आपल्याच घरात ठेवली होती. तरी १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाईला ती बाई आहे म्हणून वगळता येणार नाही. मेळाव्याला टेबल लागतं, नियम लागतो, आणि खुर्चीवर कोण बसू शकतं याचाही निवाडा लागतो. एकसारख्या लिखित नियमाचा हा फायदा मी फार मोठा धरतो. ओट्यावरच्या बुद्धिबळात रोहिणीने कोणाकडे दाद मागितली असती?

उलट आपल्या गावाकडे पट बायकांचाच जास्त. पुरुष ओट्यावर बुद्धिबळ नाहीतर पत्ते घेऊन बसत. दुपारी भांडी झाली की आतल्या खोलीत अष्टाचंगा आणि सारीपाट मांडणाऱ्या आजी, मावशी, मामी. त्यांचा मेळावा रोजचा, झेंडी न लावता भरणारा. त्याची नोंद कुठे होणार?

सारीपाटाचं नशीब बुद्धिबळाच्या उलट. त्याच्या मोठेपणाला काही कमी नाही. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळ आणि फाशांचे खेळ दोन्ही आहेत. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात दगडी पट आहे. ‘पौबारा’ हा शब्द तर खेळ न पाहिलेला माणूसही रोज वापरतो. हे दान तीन लांबट फाशांचं : एकावर पौ म्हणजे एक, दोनांवर सहा-सहा मिळून बारा. प्रत्येक फाशाच्या चार बाजू, म्हणजे चौसष्ट शक्यता, त्यातल्या तीन पौबाराच्या. वीस-एकवीस दानांत एकदा. म्हण कशी पडली ते आकड्यांतूनच कळतं : दुर्मीळ, पण आशा सोडावी इतकं दुर्मीळ नाही.

एवढं असून सारीपाटाला महासंघ मिळाला नाही, पडसलगीकर मिळाले नाहीत. त्याला मिळाला पेटंटवाला. अमेरिकेत पचिशीचं ‘पार्चीझी’ होऊन १८७४ मध्ये त्याचा ट्रेडमार्क झाला. इंग्लंडात १८९१ मध्ये आल्फ्रेड कॉलियरने ‘ल्युडो’चं पेटंट घेतलं. कवड्या गेल्या, डबीतला एक ठोकळा आला. नियम डब्याच्या झाकणावर छापले गेले आणि तो डबा परत आपल्याकडे आला. आता तो प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. सौंसरच्या बसस्टँडवर आणि पांढुर्ण्याच्या फलाटावर पोरं ल्युडो खेळतात, आणि दोन्हीकडचा कायदा अक्षर न् अक्षर सारखा. डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन या अमेरिकन संस्कृत पंडिताने १९६४ मध्ये पचिशी, चौपर, चौसर यांवर लेख लिहिला, कारण तेव्हाच त्याला हा खेळ मागे पडताना दिसत होता. त्यालाही साठ वर्षं झाली.

आता पुन्हा माझ्या मेळाव्याकडे येतो. एका शहरातल्या मेळाव्यात मी कापडी सारीपाट आणि अष्टाचंगाचा पट घेऊन गेलो. पट पसरला, कवड्या ठेवल्या, झेंडी लावली. दहा मिनिटांत तीन पोरं आली. त्यातल्या एकीने पहिला प्रश्न विचारला, ‘काका, रूलबुक कुठंय?’ मी म्हटलं, दोन आहेत, तोंडी आहेत, आणि एकमेकांशी जमत नाहीत. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग मी दोन्ही घरांचे कायदे सांगितले. पुढे जे झालं त्यासाठी मी हा निबंध लिहायला घेतला. ती मुलं खेळायच्या आधी अर्धा तास नुसती वाद घालत बसली. तोड असेल तर काय होईल, नसेल तर काय. एक जण म्हणाला, तोड असली की सुरक्षित खेळणारा जिंकूच शकत नाही, प्रत्येकाला भांडावं लागतं. दुसऱ्याने कागदावर हिशेब मांडला : चार कवड्यांत चंग सोळात एकदा, अष्टाही सोळात एकदा, मिळून आठात एकदा पुन्हा दान. सलग तीनदा पडणं पाचशे बारांत एकदा. ‘मग जाळायचा नियम कशाला? एवढ्या क्वचित होणाऱ्या गोष्टीसाठी?’

त्यावर मी त्याला खिशातले चिंचोके दिले आणि म्हटलं, हे टाकून बघ. त्याचा हिशेब नाण्याचा होता. कवडी म्हणजे नाणं नव्हे, एका बाजूने फुगीर, एका बाजूने चिरलेली. ती दोन्हीकडे सारखी पडत नाही. हाताने घासलेला चिंचोका त्याहून लहरी. कमी घासला तर एका बाजूला झुकतो, जास्त घासला तर दुसऱ्या. चारही चिंचोके एकाच बाजूला झुकते निघाले तर आठात एकदाचं दान कितीतरी वरचेवर पडू लागतं आणि सलग तीनदा पडणं काही नवलाचं राहत नाही. आजोळी चिंचोके होते. सासरी कवड्या. जाळायचा नियम चिंचोक्यांच्या घरात होता आणि कवड्यांच्या घरात नव्हता. दोन घरांवरून सिद्धांत बांधता येत नाही हे मला कळतं, पण तपासण्यासारखं आहे एवढं नक्की. एरवी हा फरक ‘त्यांची रीत, आमची रीत’ म्हणून सोडून दिला असता.

आपल्या पट्टीचं नाव बाहेर निघतं ते वेगळ्याच खेळासाठी. पांढुर्ण्याचं नाव घेतलं की समोरचा विचारतो, ‘ते दगड मारतात तेच ना?’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड उभं करतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर गोटमार. दरवर्षी माणसं जखमी होतात, मेलीही आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी घेतले नाहीत. मी गोटमारीचं समर्थन करत नाही, डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. फक्त एक नोंदवतो. कागदावर एकही कलम नसताना हजारो लोकांना कुठून मारायचं, कधी थांबायचं, झेंडा कोणाचा झाला आणि मग तो चंडीमातेच्या मंदिरात कसा न्यायचा, हे सगळं पाठ आहे. त्या मेळ्यावर संशोधकांची, कॅमेरेवाल्यांची, पोलिसांची फौज उतरते. त्याच दिवशी घराघरात बायका-पोरं पट मांडून बसलेली असतात, तिकडे कोणी फिरकत नाही.

१९५६ मध्ये राज्यं बदलली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून वेगळा जिल्हा झाला. पहिल्यांदाच दोन्ही गावं एका कलेक्टरखाली, छिंदवाड्याशिवाय. नव्या जिल्ह्याचं गॅझेटियर कधीतरी निघेल, त्यात संत्रं येईल, कापूस येईल, जाम सावळीचा हनुमान येईल आणि गोटमार तर येणारच. पटखेळांचं एक पान त्यात घालायचं असेल तर ते आपल्याला लिहून द्यावं लागेल, आणि ते मराठी नावांनी, नाहीतर पुन्हा एगारा-गुटी.

मंडळापुढे माझा प्रस्ताव साधा आहे. दोन्ही तालुक्यांतल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांकडे आधी जायचं, पुरुषांकडे नंतर. खेळाचं नाव त्या म्हणतात तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. माहेर कुठलं आणि सासर कुठलं हे दोन्ही विचारायचं, कारण नियम लग्नाबरोबर गाव बदलतात. दान कशाने टाकत, कवडी की चिंचोका, ते विचारायचं आणि मिळाला तर तोच चिंचोका मागून आणायचा, शंभर वेळा टाकून मोजायचा. पट मोजून कागदावर काढायचा. नुसतं सांगून घेऊ नका, खेळायला बसा. सांगताना विसरलेला कायदा हरायची वेळ आली की बरोबर आठवतो. नवकंकरी आणि वाघ-बकरी हे देवळाच्या फरशीवर, नदीच्या घाटावर कोरलेले सापडतात, त्यांचे फोटो उन्हं कलल्यावर घ्या. तिरप्या उजेडात झिजलेली रेघ दिसते, भर दुपारी दिसत नाही.

माझी आजोळची मावशी आता नव्वदीला टेकली आहे. मागच्या महिन्यात तिच्यासमोर फोनवर ल्युडो चालला होता. तिने थोडा वेळ पाहिलं आणि नातवाला विचारलं, ‘याच्यात तोड आहे का रे?’ तो म्हणाला, ‘नाही आजी, डायरेक्ट घरात जाता येते.’ ती काही बोलली नाही. मी वही काढली आणि जोडीचा नियम पुन्हा विचारला, कारण दोन गोट्यांच्या जोडीला जोडीने मारता येतं की नाही हे माझ्या टिपणात राहिलं होतं. मारता येतं, ती म्हणाली, पण फुलीवर नाही, आणि दान समच पाहिजे, अर्धं अर्धं वाटून.